घरभेटीची आवश्यकता नाही

मंगळवार, ता. ९

प्रिय ताई,

नमस्कार. पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. हे पत्र घरी न येता शाळेच्या पत्त्यावर का आलं, ते पुढे कळेलच. फक्त स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचू नकोस. तुला वर्तमानपत्रसुद्धा मोठ्याने वाचायची सवय आहे.

इकडे आमचं ठीक चाललंय. मला सर्दी झाली आहे, पण रजा घ्यायची चोरी. दुसऱ्यांच्या आजारपणाच्या रजा तपासणारी बाई शिंकली तरी लोक एकमेकांकडे बघून गालातल्या गालात हसतात. आमच्या पाणीपुरवठा खात्यात माणसं कशी आजारी पडतात यावर मी एक ग्रंथ लिहू शकेन. ताप नेहमी सुट्टीला जोडून येतो. परवा एका ड्रायव्हरने कंबरदुखीचं प्रमाणपत्र दिलं आणि त्याच आठवड्यात तो खात्याच्या सामन्यात रस्सीखेच खेळताना फोटोत दिसला. बोलावून विचारलं, तर म्हणाला, "मॅडम, मी ओढत नव्हतो. नुसता दोर धरून उभा होतो."

हसलीस ना? फोनवरही मी तुला अशीच हसवते. रविवारी आपण कितीतरी वेळ पडद्यांच्या कापडावर बोललो. जाड घ्यावं की पातळ, धुवायला सोपं कुठलं. फोन ठेवला आणि मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. मुलांना वाटलं, आई कपडे धुतेय.

ताई, भावोजींची तब्येत कशी आहे?

बघ, इतक्या महिन्यांत हा साधा प्रश्न मी तुला एकदाही विचारला नाही. "भावोजी काय म्हणतात?" असं विचारलं, पण ते आपण सगळ्यांबद्दलच विचारतो. तू म्हणायचीस, "मजेत आहेत, त्यांचं ऑफिस आणि ते." आणि मी पुढे काही विचारत नव्हते. कारण तुझं वाक्य खरं नाही हे मला ठाऊक होतं. भावोजी उन्हाळ्याच्या आधीपासून आजारपणाच्या रजेवर आहेत. त्यांचे अर्ज तुमच्या गावातल्या शाखेतून इथे मुख्य कार्यालयात माझ्याच टेबलावर येतात.

मला वाटलं, तुला सांगायचं नसेल. तू पहिल्यापासून तशीच. लहानपणी हात मोडला तरी संध्याकाळपर्यंत कोणाला कळू दिलं नव्हतंस. नवरा आजारी आहे आणि धाकटी बहीण त्याच्या रजेवर सही करते, हे तुला बरं वाटत नसेल, म्हणून मी आपली पडद्यांवर बोलत राहिले.

पहिलं प्रमाणपत्र पाठदुखीचं होतं. दुसरं पोटाचं. तिसरं चक्कर येण्याचं, आणि प्रत्येकावर वेगळ्या डॉक्टरची सही. दुसऱ्या कोणाचं असं आलं असतं तर मी लगेच ओळखलं असतं. अंगभर फिरणारा आजार अंगाचा नसतोच. त्याचं मूळ बहुतेक वेळा कामाच्या जागी नाहीतर मनात असतं. तक्रार खिडकीवर बसणारी माणसं अशी आजारी पडतात हे मला पाठ आहे. लोक नळाला पाणी नाही म्हणून येतात आणि समोरच्या माणसाची आई-बहीण काढून जातात. भावोजी ती खिडकी किती वर्षं सांभाळतायत! मागच्या वर्षी मोठी जलवाहिनी फुटली, तेव्हा लोकांनी त्यांच्या खिडकीची काच फोडली. ते तुला "काही नाही गं, वाऱ्याने फुटली" म्हणाले होते. त्यानंतर शाखेतल्यांनी पाहिलं, फोन वाजला की ते दोन्ही हात टेबलाखाली घेतात. त्यांनी ते एकमेकांना सांगितलं, पण कागदावर आणलं नाही.

आता जे लिहायचं टाळतेय, ते लिहिते.

आमच्या खात्यात एक नियम आहे. माणूस बरेच दिवस आजारी असला की कार्यालयातल्या कोणीतरी त्याच्या घरी जाऊन भेटायचं. चोर पकडायला नाही. बसायचं, विचारपूस करायची, काम बदलून हवं का, डॉक्टर दाखवायला मदत हवी का, ते बघायचं. हा नियम मीच आणला. त्यासाठी मी वरच्या साहेबांशी भांडले होते आणि भावोजींनी मला "अहो, लहान साहेब" म्हणून चिडवत माझं कौतुक केलं होतं. तर भावोजींच्या घरभेटीची वेळ आली तेव्हा शाखेतून मला विचारणा झाली, मॅडम, तुमच्याच घरातले आहेत, आम्ही जाऊ का? मी उत्तर पाठवलं: "घरभेटीची आवश्यकता नाही. निम्नस्वाक्षरीकार संपर्कात आहे." पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही महिन्यात तेच.

मी संपर्कात होते! आपण पडद्यांबद्दल बोलत होतो.

गेल्या महिन्यात शाखेत नवे हेडक्लार्क बदलून आले. शिडीसारखे उंच, अबोल. आपलं नातं त्यांना कोणी सांगितलं नाही, म्हणून ते नियमाप्रमाणे तुमच्या घरी आले. तुला आठवत असतील. तू दार उघडलंस. ते म्हणाले, साहेब आहेत का? तू म्हणालीस, "ते ऑफिसला गेलेत की. सकाळीच गेले." बिचारे "मग मी दुसरं घर शोधतो," म्हणाले. तू त्यांना पाणी दिलंस आणि पायरी जपून उतरा म्हणालीस. हे त्यांनी मला फोनवर सांगितलं, आणि म्हणाले, "मॅडम, हे मी लिहू कसं?"

ते तिथून सरकारी दवाखान्यात गेले, प्रमाणपत्राची खात्री करायला. बाह्यरुग्णांच्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेत भावोजी बसले होते. फाइलीतल्या फोटोवरून त्यांनी ओळखलं. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर ऑफिसची बॅग. चौकशी केली तेव्हा तिथली सफाईवाली म्हणाली, हे रोज येतात, नंबर काही लावत नाहीत. दुपारी बॅगेतलं खाऊन घेतात आणि गर्दी ओसरली की जातात. हेडक्लार्क जवळ जाऊन बसले तर भावोजी म्हणाले, "कोणाला तरी भेटायला आलोय."

ताई, तुझा नवरा खरोखर आजारी आहे, दवाखान्यात बसलेला आहे, आणि डॉक्टरला दाखवत नाही. तुला मी हे पत्राने सांगतेय, कारण फोनवर तू "बोल गं" म्हणालीस की माझी जीभ पुन्हा कापडाच्या दुकानात जाते.

येत्या सोमवारी इथे मुख्य कार्यालयात वैद्यकीय मंडळ बसतंय. तीन नोटिसा घरी पाठवल्या, एकीलाही उत्तर नाही. टपालपेटीची किल्ली भावोजींकडे असते, म्हणून हे पत्र शाळेत. सोमवारी ते आले आणि डॉक्टरांसमोर खरं बोलले, तर आजारपणावरून त्यांना निवृत्ती मिळेल, मानाने. आले नाहीत, तर विनापरवाना गैरहजर ठरतील आणि त्यांना काढून टाकतील. इतक्या वर्षांच्या नोकरीवर तो शिक्का बसेल. आणखी मुदत मागायची सोय मी माझ्या त्या शेऱ्यांनी घालवून बसले आहे; मीच संपर्कात असताना त्यांना काही कळलं नाही, असं आता कोण मानेल? माझीही चौकशी लागणार आहे, ते जाऊ दे, मी निस्तरेन. त्यांची फाइल आता दुसऱ्या अधिकाऱ्याकडे दिली आहे.

तू त्यांना घेऊन ये. कसं सांगायचं ते मला सुचत नाही, तुला सुचेल. मंडळाच्या खोलीत नातेवाईक म्हणून त्यांच्या शेजारी बसायची परवानगी मी काढून ठेवली आहे. एवढं तरी मला करू दे. त्यांची जीभ अडखळली तर मी बोलेन.

मला माफ कर असं लिहिलं होतं, ते खोडलं. आधी तू सोमवारी ये, मग काय ते बोल.

तुझी,
धाकटी


शुक्रवार, ता. १२

प्रिय धाकटे,

पत्र मिळालं. मोठ्याने वाचलं नाही. मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत जाऊन वाचलं.

ते दवाखान्यात बसतात हे मला ठाऊक होतं. पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या शिपायाच्या बायकोने त्यांना तिथे पाहिलं आणि मला येऊन विचारलं, बाई, साहेबांना काय झालंय? दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून गेले आणि त्यांच्या मागच्या रांगेत बसले. त्यांनी मला पाहिलं नाही. शेजारच्या म्हातारीला ते विचारत होते, तुमचा नंबर आला का? नीट बसले होते. रविवारी घरी भिंतीकडे तोंड करून पडून राहतात, तसे नव्हते. मला वाटलं, हे असं रोज उठतायत, दाढी करतायत, डबा घेतायत, तर माझ्या एका शब्दाने तेही मोडायला नको. म्हणून मी रोज डबा भरत राहिले. तुझे ते उंच हेडक्लार्क दारात उभे राहिले तेव्हाच ओळखलं, ऑफिसचा माणूस. मीच मुद्दाम म्हणाले, ऑफिसला गेलेत.

आणि तुझ्याबद्दल सांगू? मला वाटत होतं तुला सगळं माहीत आहे. सगळं म्हणजे सगळं. रजेचे कागद तुझ्याकडे जातात, नवा माणूस सोडला तर घरी कोणी विचारायला येत नाही, पगार कमी झाला तरी बंद होत नाही, तेव्हा धाकटीच सांभाळून घेतेय असं मी धरून चालले. तू पडद्यांवर बोलायला लागलीस की मनात म्हणायची, किती समजूतदार झाली आहे ही, मला बोलायला लावत नाही! आणि तू तिकडे मोरीत रडत होतीस. गेल्या महिन्यापर्यंत तुला दवाखान्याचं काही माहीतच नव्हतं. मी कोणाच्या भरवशावर गप्प बसले होते गं?

मला तुझा राग आलाय. बहीण म्हणून नाही, त्या खुर्चीवर बसणारी बाई म्हणून. तुझ्या नियमाने कोणी परका माणूस वेळच्या वेळी दारात आला असता, तर तेव्हा माझ्यात बोलायची ताकद होती. मी त्याला आत बसवून सगळं सांगितलं असतं. परक्याला सांगणं सोपं असतं. आता ते अर्धं जेवतात आणि रात्री दिवा मालवू देत नाहीत.

काल शाळेतून आल्यावर मी त्यांना सांगितलं. चहा झाला, कप विसळले, आणि म्हटलं, "उद्यापासून जायचं नाही. सोमवारी आपण दोघं मुख्य कार्यालयात जाऊ, आणि मंगळवारी दवाखान्यात. नंबर लावून." त्यांनी नाही म्हटलं नाही. कुठे जायचं नाही, हेही विचारलं नाही. बॅग कोनाड्यात होती, ती त्यांनीच काढून कपाटाच्या वर सरकवली. मला वाटलं, संपलं, सुटलो.

मग त्यांनी विचारलं, "धाकटीला कळलं?"

म्हटलं, "कळलं. तिनेच पत्र पाठवलंय."

तेव्हा ते रडले. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, वडील गेले तेव्हाही नाही. म्हणाले, "तिच्याच खात्यात मी असा निघालो. तिने एवढं भांडून नियम आणले. लोक म्हणतील, बाई, आधी तुमच्या घरचा माणूस सांभाळा. तिची मान खाली जाऊ नये म्हणून रोज घराबाहेर पडत होतो. एक दिवस तरी जमेल असं वाटायचं. गुपचूप जाऊन खिडकीवर बसलो असतो, तर साधं दुखणं होतं, ते बरं झालं, असंच तिला वाटलं असतं."

त्यांना कसं सांगू की तू त्यांना झाकत होतीस? सांगितलं नाही. पुढे कधीतरी तूच सांग.

सोमवारी आम्ही येतो. सकाळच्या बसने निघू. ते डॉक्टरांशी बोलतील, मी त्यांच्याकडून वदवून घेतलंय. "मला जमत नाही" एवढे तीन शब्द. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिले, दुसऱ्यांदा नीट म्हणाले.

पण तुझी ती परवानगी परत कर. खोलीत येऊ नकोस, बाहेरच्या बाकावरही बसू नकोस. त्या दिवशी तुला सर्दी आहे असं कळव आणि घरी राहा. तू समोर दिसलीस तर ते ताठ बसतील, हसतील, तुला "लहान साहेब" म्हणतील आणि डॉक्टरांना सांगतील की मी अगदी ठीक आहे, उद्यापासून रुजू होतो.

अजून रागावलेली,
ताई