न भरणारा डबा

प्रिय आई,

तुला जाऊन दोन महिने झाले. पत्र आज लिहितेय, कारण काल चर्चमधल्या उपासनेनंतर तुझ्या मैत्रिणीने, एस्तेरकाकूंनी, एक गोष्ट सांगितली, आणि तेव्हापासून घास गिळवत नाही.

तुझा बिस्किटांचा निळा डबा! दोघींपुरते तांदूळ मोजायचीस, त्यातलीच एक मूठ डब्यात टाकायचीस. देवबापाची मूठ. नगरला आजी करायची, तेच तू नॉटिंगहॅमच्या फ्लॅटमध्ये. डबा भरला की तो वरच्या मजल्यावरच्या मेरीला. झिम्बाब्वेहून आश्रय मागायला आलेली, पदरात दोन लेकरं आणि काम करायची परवानगी नाही.

"आपलंच धड नाही, आई," मी म्हणायचे.

"चिमण्यांनाही देवबाप खायला घालतोच ना? त्यांच्याकडे कुठलं ऑफर लेटर असतं गं?" तू हसायचीस.

मग मंदीत माझी नोकरी गेली. मला भीतीने घेरलं. तू केअर होममध्ये कामाला गेलीस की मी त्या डब्यातल्या दोन-दोन मुठी आपल्या तांदळाच्या पिशवीत परत ओतायचे. 'चोरी करू नको' ही आज्ञा मी शाळेत जायच्या आधी तुझ्याच मांडीवर शिकले होते ना?

एकदा तू डबा हलवून पाहिलास. "अगं, हा भरत का नाही?"

मी टीव्हीचा आवाज वाढवला.

काल काकू म्हणाल्या, "तुझी आई स्वतःलाच दोष द्यायची बघ. म्हणायची, 'एस्तेर, मीच हात आखडता घेत असेन. आता संध्याकाळचे माझ्या वाटचे सगळेच तांदूळ डब्यात टाकते.'"

आणि मला सांगायचीस, "कामावरच जेवले गं!"

कोट तुझ्या अंगावर लोंबायला लागला, तरी मी विचारलं नाही. न्यूमोनिया झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, अंगात झुंजायला ताकदच उरलेली नाही.

आई, तू मला एकदा तरी खडसावून का नाही विचारलंस? देवावर विश्वास ठेवलास, ठीक. माझ्यावर कशाला ठेवलास?

आज सकाळी वर जाऊन मेरीला सगळं सांगितलं. तिने दार हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मग एकटीपुरते तांदूळ मोजले. त्यातली एक मूठ डब्यात टाकली. देवबाप पुरवील, हे तुझ्यासारखं मला अजून म्हणता येत नाही. म्हणता येईपर्यंतही मूठ चुकवणार नाही, आणि टाकलेल्या तांदळांना पुन्हा हात लावणार नाही.

तुझीच,
सुवार्ता