माझ्या नावानं पारसचं कौतुक

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१२ जानेवारी २०२५

ती. सुरेखाआत्यास,
जय जिनेंद्र. आदितीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे सुखरूप आहेत. फोनवर लिहिलं तर तुझ्याआधी पारस वाचतो, म्हणून हा कागद. साखरपुडा मोडला तरी साहेबांना माझे पासवर्ड काही सोडवत नाहीत. विश्वास म्हणून मीच दिले होते. पासवर्ड काय, तर त्याचंच नाव आणि जन्मसाल! हसून घे.

त्यानं माझा मेल आणि इन्स्टाग्राम बळकावलंय. मी बायकांना स्कूटी शिकवते, त्या पानावर शिकवणी कायमची बंद म्हणून टाकलं. मग माझ्या नावानं नातेवाइकांना निरोप गेले की मी चुकले, पारससारखा देखणा, समजूतदार मुलगा मला शोधून सापडायचा नाही. रडून डोळे सुजलेले माझे फोटो, फक्त त्याला पाठवलेले, तेही त्याच्या मित्रांना आणि माझ्याकडं शिकणाऱ्या बायकांना वाटले. काल तर न सांगता शिकवणीच्या मैदानावर हजर. माझा फोन कुठं आहे ते त्याला घरबसल्या दिसतं.

थट्टेनं लिहितेय, पण रात्री उठून दाराची कडी तपासते गं. आप्पा म्हणतात, गप्प बस, समाजात बभ्रा होईल. तुलाही निरोप आला का?

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी आदिती


कोडोली
१६ जानेवारी २०२५

चि. आदितीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

निरोप मलाबी आलाय की! त्यात माझ्या गुडघ्यांची चौकशी हुती, तवाच वळखलं, ही आमची पोरगी न्हाय. तू जल्मात कधी इचारलं न्हाईस. आणि ‘देखणा’ वाचून आमच्या ह्यांना चहाचा ठसका लागला.

आता ऐक. माझी पुतणी प्रियदर्शनी कॉम्प्युटरच्या नोकरीत हाय, तिला इचारून लिवतेय. त्यानं जे जे लिवलंय त्याचे आधी फोटो काढून ठेव, पुसू नको. मग तुझा फोन त्याला दिसतोय, तवा आईच्या फोनवरनं मेल सोडवून घे, कारण बाकी सगळं मेलवरनंच उघडतंय. नवा पासवर्ड घाल, तुझ्या सगळ्या खात्यांतनं त्याचा फोन बाहेर काढ, पासवर्डासंगं फोनवर येणारा दुसरा कोड लाव. ठिकाण दाखवायचं बंद कर. मैदानावर एकटी जाऊ नको, असल्या माणसाचं डोकं कवा फिरंल सांगता येत न्हाय. आणि सायबर पोलिसांत तक्रार दे.

दादाला सांग, बभ्रा त्या पोरानं कवाच केलाय. आता फकस्त तक्रार ऱ्हायलीय. त्याला पटत नसलं तर मी एस्टीनं येते, पायताण हातात घिऊन.

जपून ऱ्हा, आणि पत्र लिवायचं सोडू नको.
सुरेखाआत्या


मंगळवार पेठ, कोल्हापूर
९ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
जय जिनेंद्र. शि. सा. न. वि. वि.

पायताण लागलं नाही. तुझं पत्र आप्पांनी दोनदा वाचलं, मग स्वतःच पोलिसांत चल म्हणाले.

खाती परत मिळाली. पोलिसांनी पारसला बोलावलं, सोबत त्याचे वडील बापूसो. तो म्हणाला, प्रेमापोटी केलं, पासवर्ड हिनंच दिले होते. अधिकारी बाई शांतपणे एकेक निरोप वाचत गेल्या आणि हा तुम्हीच लिहिला का म्हणून विचारत गेल्या. देखणा? हो म्हणाला. समजूतदार? हो. पुढच्यात होतं, पारसच्या आवाजात जादू आहे. त्या जादूच्या आवाजातून मग हूं का चूं निघेना. बापूसो खाली बघत बसले. मला हसू आलं, आणि लगेच भडभडूनही आलं.

बाहेर बापूसोंनी आप्पांपुढं हात जोडले, मिटवून घ्या म्हणाले. आप्पा म्हणाले, तक्रार तिची आहे, तिला विचारा. मी नाही म्हटलं. माझे फोटो त्याच्या मित्रांच्या फोनांत अजून फिरताहेत, ते कोण मिटवणार?

पान उघडल्यावर काय लिहावं सुचेना. खुलासा, माफी काहीच लिहिलं नाही. उद्या सकाळी सातला मैदानावर या, ओढणी नीट बांधून, एवढंच टाकलं.

बायका आल्या गं आत्या. पारसनं ज्यांना माझे फोटो पाठवले होते, त्यासुद्धा आल्या.

तुझी माया आहे तशीच असू दे.
तुझी आदिती