कवाड पुण्याला निघालं

रिठद,
१४ एप्रिल २०२५

ती. सौ. ताईस,
रामरावचा सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघं एकदमच बोलतो आणि एकदमच रागावून फोन ठेवतो, म्हणून यापुढे पत्रानंच बोलायचं हे तुझं फर्मान मान्य आहे. पुण्याच्या ट्रॅव्हल्सवर ड्रायव्हर असलेल्या मदनसिंगसोबत हे पत्र देतो आहे. तो सकाळी पोचला की तुला बोलावून घेईल. निदान त्याच्याशी भांडू नकोस.

आनंदाची बातमी अशी, की पुण्याच्या उन्हाळी कथक शिबिरात आमच्या वैभवीचं नाव आलं. महिनाभर ती तुझ्याकडेच राहील. हे विचारत नाही, कळवतो आहे. अडचण एकच. पहिल्याच दिवशी नाचून दाखवायचं, आणि ज्या मुलीचा पाय लाकडी जमिनीवर बसत नाही तिला तिथूनच माघारी धाडतात. घरून सराव करून या, असं शिबिरवाल्यांनी बजावलं आहे.

आता रिठदात लाकडी जमीन आणायची कुठून? घरात शेणाचा सारवा, शाळेत फरशी, समाजमंदिरात सिमेंट. विचार करकरून डोकं दुखलं. मग ध्यानात आलं की घरात इतकं मोठं लाकूड आहे आणि ते उगाच उभं आहे. समोरच्या दाराची दोन्ही सागवानी कवाडं काढली आणि अंगणात आडवी टाकली. पोरगी नाचायला लागली की कवाडाची कडी अशी वाजते की तबलजी नको. वैभवीची आई माझ्याशी बोलत नाही, बाकी सर्व क्षेम.

भाऊजींना नमस्कार. रागव, पण लोभ कमी करू नकोस.

तुझा,
रामराव


पुणे,
१८ एप्रिल २०२५

चि. रामराव यास,
अ. आ. वि. वि.

पत्र आधी बसून वाचलं, मग उभं राहून वाचलं, अर्थ तोच निघाला. वैभवीचं नाव आल्याचं वाचून डोळ्यांत पाणी आलं होतं, ते कवाडांपर्यंत येता येता आटलं. भर उन्हाळ्यात घर असं उघडं टाकतं का कोणी? तुला लहानपणी जास्त लाडावलं, त्याची फळं आहेत ही.

आता सामानाचं नीट वाच. सलवार-कुर्ते, ओढणी, घुंगरू, टॉवेल, पाण्याची बाटली. एवढंच, आणि पोरीला स्वतःला उचलता येईल अशा एका बॅगेत. डाळ, तांदूळ, ठेचा काही नको. पुण्यातही लोक जेवतात. आमचं घर चौथ्या मजल्यावर आहे आणि लिफ्टमध्ये तुझे भाऊजी आणि गॅसचं सिलिंडर एका वेळी मावत नाहीत.

त्या कवाडाच्या कडीचं कौतुक मला तरी सांगू नकोस. शाळेचं लेझीम पथक अकोल्याला निघालं तेव्हा मी वेणी घालून तयार होते आणि आपल्या बापूंनी बाहेरून हीच कडी लावली. पोरीच्या जातीनं परगावी नाचायला जायचं नाही, म्हणाले. पथकाचा ट्रक दूर जाईपर्यंत मी आतून कवाड हलवत होते. नुसती कडी वाजत होती. तू तेव्हा रांगत होतास. तेव्हा कवाडं होती तशी बसव आणि पोरीला वेळेवर गाडीत बसव.

सगळ्यांना आशीर्वाद. ऐकत नाहीस तरी जीव आहे तुझ्यावर.

रुख्मिणी


रिठद,
२९ एप्रिल २०२५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

कवाडं आता बसवता येत नाहीत, कारण ती माझी राहिली नाहीत. शेजारच्या जमनाबाईनं पाहिलं की भर उन्हात एवढी छान सपाट जागा पडून आहे, आणि सकाळी उठून बघतो तर कवाडांवर कुरडया. मग साऱ्या गल्लीचं वाळवण आलं. वैभवी आता कुरडया चुकवून नाचते. चवड्यावर उठते, दोन कुरडयांच्या मधोमध पाय ठेवते आणि गिरकी घेऊन पापडांच्या पलीकडे उतरते. जमनाबाई कावळे हाकायला बसलेली असते, पोरीचा ताल चुकला तर तिलाही हाकते. अजून एकही कुरडई मोडलेली नाही, यावरून तयारी समजून घे.

दार नसल्यामुळे ठोठावायला जागा नाही, म्हणून माणसं चहाच्या वेळेला थेट चुलीपर्यंत येतात. गल्लीतल्या खेमाची बकरीही येते. बॅग उघडीच होती, तर प्रत्येकानं येता-जाता शिदोरी म्हणून काही ना काही टाकलं. काल बॅग उचलायला दोन माणसं लागली आणि तिच्यात तुझ्या यादीतला फक्त टॉवेल सापडला. ओढणी बकरीनं खाल्ली.

हसून झालं असेल तर पुढचं वाच. पोरगी मनातून घाबरली आहे. परवा कवाडावर बसून मला म्हणाली, "बाबा, तिथची जमीन मले वळखीची नसन, त माये पाय उठतीन का?" म्हणून ठरवलं, की ओळखीची जमीनच सोबत द्यावी. कडीवालं कवाड पाठवतो आहे. मदनसिंगनं आधी साफ सांगितलं की तो माणसं नेतो, घरं नेत नाही. जमनाबाईनं त्याला कुरडया बांधून दिल्यावर टपावर जागा निघाली.

जिन्यानं चढव. रागावलीस तरी तिला जवळ घे, एवढंच मागणं.

तुझा,
रामराव


पुणे,
५ मे २०२५

ती. बाबा आणि आईस,
वैभवीचा शि. सा. न. वि. वि.

कवाड सुखरूप पोचलं. मदनसिंगकाका आणि आतोबा ते जिन्यानं वर नेत होते, तेव्हा प्रत्येक मजल्यावरचे लोक बाहेर येऊन विचारत होते की घर कोणाचं पाडलं. आता ते गॅलरीत उभं आहे. आत्या त्याच्याकडे बघत नाही. टॉवेल वाळत घालतानासुद्धा तोंड फिरवून घालते.

आज शिबिरात नाचून दाखवायचं होतं. जमीन लाकडाचीच आहे, पण चकचकीत, आणि चारी बाजूंनी आरसे. मी पाय टाकला तर ओळखीचा आवाजच आला नाही. कडी नाही, जमनाबाई नाही. मी तशीच चवड्यावर उठले, तर शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं की एवढं जपून काय चुकवते आहेस. मी म्हटलं, कुरडया. सगळ्या मुली हसल्या. मग माझे पाय उठलेच नाहीत. मी नुसती उभी राहिले, बाबा.

उद्या अजून एकदा बघू, म्हणाल्या. नाही जमलं तर घरी जायचं. कवाड घेऊन येऊ का विचारलं, तर फाटकावरच्या काकांनी हात जोडले. आत्याला सगळं सांगितलं. ती जेवलीच नाही. मी बॅग भरून ठेवली आहे. मदनसिंगकाकांना एक जागा धरायला सांगा.

तुमच्या मायेची,
वैभवी


पुणे,
६ मे २०२५

चि. रामराव यास,
अ. आ. वि. वि.

मदनसिंगला सांग, जागा दुसऱ्याला दे. पोरगी राहिली.

सकाळी तुझ्या भाऊजींचा पाना आणि हातोडी घेतली आणि कवाडाची कडी उपटून काढली. फळीचा तुकडाही निघाला सोबत. तो भाजीच्या पिशवीत घालून शिबिरात गेले. आयांना बाहेर बसवतात. मी सांगितलं की मी आई नाही, साथीला आले आहे. त्यांनी पेटी कुठे विचारलं, मी पिशवी दाखवली. पुढे कोणाला काही सुचलं नाही, म्हणून आत सोडलं.

वैभवी आरशांच्या मधोमध उभी होती, रंग उडालेला. मी कोपऱ्यात मांडी घातली आणि कडी वाजवायला लागले. मग पोरीनं माझ्याकडे पाहिलं आणि तिचा पाय उठला. नसलेल्या कुरडया चुकवत अशी नाचली, की हसणाऱ्या मुली पाय आखडून बसल्या, जणू यांच्याच हातून एखादी मोडेल. बाई आता सगळ्यांना तसंच चालायला शिकवणार आहेत. मला रोज यायला सांगितलं आहे. मी कपाटातून चांगली साडी काढून ठेवली.

मला फार आनंद झाला रे. परत येताना रिक्षात रडले. ती कडी वाजत होती आणि पोरगी थांबत नव्हती.

कवाड परत पाठवते आहे. दाराला बसव, नाहीतर जमनाबाईला दे. पण कडी माझ्याजवळच राहील, आणि तू नवी लावू नकोस. बकरी येते तर येऊ दे.

आपला लोभ आहे तसाच, भांडणासकट.

रुख्मिणी