हद्द झाली, मामा!

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार (पूर्ण लांबीचा आहे, हवा तर टेप लावून बघा). खोकला कसा आहे? एकटे असता, औषधाची आठवण कोण करतं? आईचे गुडघे कुरकुरतातच, पण आता तिची जिन्यातून सुटका झाली. घर विकलं गेलं, मामा, आणि ते केवळ तुमच्यामुळे!

तळमजल्यावरच्या नव्या घराची सगळी भिस्त जुनं घर विकण्यावर होती, हे तुम्हाला ठाऊकच आहे. गिऱ्हाईक चांगलं मिळालं, बोलणी पक्की झाली, आणि शेजारचे दातांचे डॉक्टर कुंपणावरून त्याला म्हणाले की यांचं मागचं न्हाणीघर आमच्या जागेत आहे. (इतकी वर्षं हे गृहस्थ दात दाखवायचे ते हसण्यासाठीच, अशी आमची समजूत.) गिऱ्हाइकाच्या वकिलाने सांगून टाकलं, मोजणीचा नकाशा दाखवा, नाहीतर व्यवहार विसरा. मग काय, कपाटं उपसली, माळा उपसला, बायकोने तर तांदळाच्या डब्यातही हात घातला. आईला दहादा विचारलं, तर एकच उत्तर, "नकाशा? आपल्याकडे कुठला रे नकाशा?" इकडे गिऱ्हाईक दुसरी घरं बघू लागलं. शेवटी मी वैतागून म्हणालो, अगं, बांधकामाआधी मामांनी बाबांच्या मागे लागून जागा मोजून घेतली होती, त्याचं काय झालं? त्यावर आई शांतपणे म्हणाली, "दादाचा कागद होय! मग तसं विचारायचं ना. तो माझ्या लग्नाच्या फोटोमागे आहे. काच खडखडत होती."

फोटो उतरवला, खिळे काढले, आणि बाबांच्या मागून तुमचा नकाशा निघाला, शिक्क्यासकट. (बाबा जन्मभर तुम्हाला 'फूटपट्टी' म्हणाले, आणि त्यांच्या पाठीशी उभे कोण, तर तुम्हीच!) मोजणीदाराने नकाशावरून खुणेचे दगड शोधून काढले. आपली हद्द न्हाणीघराच्या पलीकडे निघाली, थेट डॉक्टरांच्या स्कूटरच्या शेडमधून. डॉक्टरांचं तोंड असं उघडलं की आतल्या दाढा मोजता आल्या असत्या. गिऱ्हाइकाने त्याच आठवड्यात सह्या केल्या.

तुम्ही ड्रॉइंग मास्तर, वाढदिवसाचा केकसुद्धा फूटपट्टी लावून कापायचात. त्या फूटपट्टीने आज माझ्या आईचे गुडघे वाचवले. मामा, फार बरं वाटतंय हो. तुमचे उपकार कसे फेडायचे ते तुम्हीच सांगा.

तुमचा,
भाचा

ता. क. : नव्या घराचा नकाशा मागायचा राहूनच गेला. मालक इतके सज्जन दिसले की विचारायचा संकोच वाटला. आता मागच्या खोलीवरून वाद लागलाय. टेप घेऊन ताबडतोब निघा.

आणखी एक ता. क. : वरचा ता. क. आईने लिहायला लावला. नकाशा तिने घर बघायच्या आधीच मागून घेतला होता. मागच्या खोलीचा वाद एवढाच, की मुलगी म्हणते ती माझी आणि आई म्हणते दादाची. आई जिंकली. नुसतं बोलावलं तर तुम्ही 'बघू' म्हणाल, म्हणून हा बनाव. परतीचं तिकीट काढू नका. गुडघे दुखत असताना जमिनीवर बसून तिने ती खोली मोजली आहे. तुमची खाट बसते.