ड्रायवर तं समोरच बसते

१४ जानेवारी १९३७. संक्रांत.
धाकटी जाऊ बेबीताई, तिच्या ओसरीवर हळदीकुंकू. मलेबी बोलावलं होतं, तीळ निवडाले. निवडून झाले तं म्हने, मोठ्या बाई, तुमी आता आराम करा. मी समजदार, लगेच घरी येऊन आराम केला. वाईट वाटलं नाई. माहे मालक केशवराव गेल्यापासून मले कायचंच वाईट वाटत नाई.
दोन गोष्टी ठरवल्या. एक, बेबीताईच्या मिशीवर बोलनं बंद. दोन, शालूच्या लग्नात मी मांडवामागं बसनार नाई. समोर राहीन. शालू बेबीताईची पोरगी खरी, पन बेबीताईले दरसाल बाळंतपन, म्हनून वाढली माह्याजवळ. मले मोठी माय म्हनते.

१५ जानेवारी.
बेबीताईच्या मिशीवर बोलली. तिनंच विषय काढला, आरशात पाहून राहिली होती.

१९ जानेवारी.
शालूचं जमलं. अकोल्याचे शेषराव, भाजीचे अडते, त्यायचा पोरगा. पोरगा बारीक, वांग्याच्या देठावानी. शेषरावची एकच अट, वरात मोटारीतून. दीर जानराव घाबरून गेला. त्याची बैलजोडी गावात नंबर एक, पन मोटार कुठून आननार?
इथंच माह्या डोक्यात उजेड पडला. मोटारीत ड्रायवर समोर बसते. मागं बसलेला ड्रायवर कोनी पाह्यला काय? अन् ड्रायवरले मधातून उतर म्हनाची सोय नाई, उतरला का वरात थांबते.
मोटार मी घेनार. मीच चालवनार. कोनाले सांगतलं नाई.

२८ जानेवारी. परतवाडा.
दलाल किसनरावनं मोटार दाखवली. लाल. चिखलदऱ्याच्या कॉफीवाल्या साहेबाची, शर्यतीत पळालेली म्हने. साहेब चालला विलायतेले. दोनच शिटा. मी बैल घेतल्यावानी चारी बाजूनं पाह्यली, चाकावर थाप मारली, बोनटवर हात ठेवला. गरम होती. मी म्हटलं, जनावर तरनं आहे, आंगात ताप आहे. किसनराव म्हने, बाई, तुमची नजर मानली.
पाटल्या इकल्या. पाटल्या घालाले मनाई आहे, इकाले नाई.

२९ जानेवारी.
मोटार सुरू होत नाई. नवशिक्यानं ध्यानात ठेवाव, जुनी मोटार थंड असतानी पाहावी. गरम भेटली तं समजाव, दलालानं सकाळपासून हँडल मारमारून मेलेली उठवून ठेवली. हे मले कालच मालूम होतं, पन किसनरावचं मन मोडाव वाटलं नाई.

१२ फेब्रुवारी. अकोला.
ओमप्रकाश मिस्त्री कापसाच्या जिनातल्या मशिनी दुरुस्त करते. मोटार बैलगाडीवर टाकून त्याच्याकडे नेली. त्यानं खालून पाह्यली, वरून पाह्यली, मंग मले पाह्यलं. म्हने, माय, पहिले ब्रेक करा, मंग टायर, ताकद वाढवाचं मंग पाहू. सगळे नवीन लोक उलटं करते अन् झाडाले जाऊन मिळते.
मी म्हटलं, पहिले भोंगा. मंग ताकद. मंग सायलेंसर काढ, आवाज पाह्यजे. अन् मागं सामानाच्या जागी नवरा-नवरीसाठी उंच बाक बसव, साऱ्या गावाले दिसन असा.
म्हने, अन् ब्रेक?
म्हटलं, वरात हळूच चालते, ब्रेक कायले.

२० फेब्रुवारी.
मोटार घरी. आवाजानं जानरावची म्हैस दूध देईना. फायदाच म्हना.
परतवाड्याहून लॉरीवाला नत्थुजी शिकवाले आला. म्हने, बाई, क्लच असा सोडाचा, जसं पोट्टं पाळन्यात ठेवते. मी सोडला, मोटार कुदली. म्हटलं, नत्थुजी, मले पोट्टंच झालं नाई, तं कसं समजन? बिचारा खाली पाहाले लागला. लय मजा आली.

३ मार्च.
वळनावर बेबीताईच्या गोवऱ्यांच्या ढिगात गेली. म्हनजे मोटार गेली, मी तिच्यासंगं होती. वर्षभराच्या गोवऱ्या. बेबीताई लय बोलली. मी म्हटलं, बाई, चूल पेटवाले फोडाच्याच होत्या ना. गोवऱ्यांच्या जागी तू उभी असती तं मोटारीचंच नुकसान झालं असतं.
नवशिक्यानं ध्यानात ठेवाव, पहिले ब्रेक. हे मी ओमप्रकाशले पहिल्याच दिवशी सांगनार होती.

१८ मार्च.
ब्रेक झाले. टायर झाले. माह्या बागेतल्या यंदाच्या संत्र्याचा सारा पैसा मोटारीनं खाल्ला. पन पळते अशी का बाप्पा. नत्थुजी म्हने, आता तुमाले शिकवाचं काही राह्यलं नाई. मले वाटते थो रडून राहिला होता. धूळबी असन.

१० एप्रिल.
शालूले घेऊन अमरावतीले जाऊन आली. ती समोर, माह्या बाजूनं. सवाऱ्या नेनाऱ्या सर्विसच्या मोटारीले मागं टाकलं, तिच्यातले लोक खिडकीतून पाहून राहिले. शालू हासून हासून लाल. जाऊन येईपर्यंत एकदाबी बंद पडली नाई. इंजन कसं, झोपलेल्या लेकरावानी एका श्वासात.
येतानी तिले सांगतलं, वरातीत ड्रायवर मीच. हासनं थांबलं. म्हने, पाहू व मोठी माय.
म्हनजे कबूल. मंग ती बाहेर संत्र्याच्या बागा पाहात बसली. डोळ्यात पानी होतं. वारा लय होता.

२२ एप्रिल.
शेषराव अन् नवरदेवाची माय गोदाबाई मोटार पाहाले आले. शेषरावनं भोंगा वाजवला, पुन्हा वाजवला, तीनदा वाजवला. खुश. म्हने, ड्रायवर कोन?
मी म्हटलं, घरचाच.
गोदाबाई म्हने, लेकराबाळाचा आहे ना? म्हनजे सांभाळून चालवन.
मी म्हटलं, लय जबाबदार.
बेबीताईले मोठा खोकला आला. जानराव बैलाले पानी दाखवाले गेला, आत्ताच दाखवलं होतं तरी. दोघंबी चूप. चूप म्हनजे हारले.

३० एप्रिल.
शेजारची गंगूबाई आली. माह्यावानीच, नवरा गेलेला, फक्त तिचा आधी गेला, तं ती स्वतःले सीनियर समजते. म्हने, व मनकर्णे, कायले एवढी वर चढतं, ऐन टायमाले उतरवन कोनीतरी. मी चढली होती एकदा, माह्या भाचीच्या येळी.
म्हटलं, बुढे, तुले कोन चढवन? तुले तं बैलबी गाडीत घेत नाई.
उठून गेली. पदर डोळ्याले होता. जळते, दुसरं काय.

५ मे.
शालूले हळद लागली. बायायची गर्दी होती, मले आत जाता आलं नाई. तसंबी मोटारीले तेल द्याचं होतं. टायर धुतले. भोंगा पुसला. अमरावतीहून नवं लुगडं आनलं, मोतिया रंगाचं. म्हनाले पांढरं, पाहाले तं पांढरं नाई.
शालू एकदा दारात आली, पिवळी, लय सुंदर. म्हटलं, उद्या कशी पळवते पाह्य. ती म्हने, मोठी माय, तू थकली असशीन. किती काळजी पोरीले.

६ मे. सकाळ.
मुहूर्त सांजचा. मोटार पहिल्याच हँडलले सुरू. असं कधी झालं नोतं. आज सगळं मनासारखं होनार. वरात गंगूबाईच्या दारावरून नेईन अन् भोंगा मारीन.

७ मे.
लिहाले काही नाई.
तरी लिहून ठेवते. वरात निघाची येळ झाली तशी मी नवं लुगडं नेसून मोटारीत बसली. समोर. इंजन गरम कराले सुरू करून ठेवलं. शेषराव आले, पाह्यलं, गोदाबाईले बोलावलं. गोदाबाईनं मले काहीच म्हटलं नाई. बेबीताईजवळ गेली. बेबीताई जानरावजवळ गेली. जानराव माह्याजवळ आला अन् मोटारीच्या चाकाकडे पाहून म्हने, वहिनी, जरा उतरता काय.
मले वाटलं मोटारीची पूजा असन. उतरली.
जानरावनं बैलजोडी आनली. शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल. मोटारीच्या समोर दोरखंडानं बांधली. मी म्हटलं, अरे, मोटार चालू आहे, बिघडली नाई, ऐक आवाज. जानराव म्हने, मालूम आहे वहिनी. शेषराव म्हने, चक्कर तं वेशीपर्यंतच आहे, तिथून आमची लॉरी अकोल्याले जाते, ड्रायवरची गरजच काय.
माह्या शिटवर सुकानू धराले जानराव बसला. नवरा-नवरी मागच्या बाकावर, उंच, साऱ्या गावाले दिसन असे. मी मांडवामागं गेली.
पन इंजनच्या आवाजानं बैल बुजले. एक इकडे ओढे, एक तिकडे. नवरदेव बाकाले धरून बसला. जानरावनं सारं दाबून पाह्यलं, भोंगा वाजला, बैल अजून बुजले. इंजन बंद कसं कराचं हे गावात एकालेच मालूम. तं मले बोलावलं. बेबीताईच म्हने, मोठ्या बाई, लवकर या.
मी गेली. बायका बाजूले झाल्या. शालू वर बसली होती, मुंडावळ्या बांधलेल्या. म्हटलं, भेऊ नको व. तिनं मले येतानी पाह्यलं अन् पदर तोंडावर ओढून तोंड तिकडे फिरवलं. तशीच बसून राहिली, माहं काम होईपर्यंत.
मी इंजन बंद केलं. मागं आली. मंग वरात निघाली.
एका हातानं बंद झालं. लय चांगलं इंजन होये.