जिन्यावरचा खून आणि आठ वाजताचा फोन

३ मार्च, सोमवार
रिमोटच्या पाठीवरचं झाकण पुन्हा हरवलं. ज्या घरात दोन सेलांवर झाकण टिकत नाही, त्या घराने सत्यान्वेषणाच्या गोष्टी करू नयेत, असं हिला गंभीरपणे बजावलं. ही म्हणाली, झाकण तुमच्याच खिशात आहे. होतं. पण मुद्दा तो नाही.

मुद्दा मालिकेचा. मोठ्या बाई जिन्यावरून पडून गेल्या, त्याला आज चौदा महिने झाले. पाच संशयित, असंख्य फ्लॅशबॅक, खुनी मोकाट. माझं अनुमान पहिल्या आठवड्यापासून अढळ आहे: थोरला मुलगा. हेतू, संधी आणि भुवया, तिन्ही त्याच्याकडे. माझा दादा मात्र धाकट्या मुलावर अडून बसलाय. वयाने मोठा, तर्कात कच्चा.

आठला मालिका संपली, आठ वाजून एक मिनिटाने त्याचा फोन. नेहमीसारखंच, नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट 'बघितलंस?'

४ मार्च
नोंद असावी म्हणून लिहितो. दादा आणि मी तीन वर्षं बोलत नव्हतो. आमचे वडील, अण्णा, त्याच्या घरी बाथरूममध्ये पाय घसरून पडले आणि पुन्हा उठले नाहीत. सगळे जमलेले असताना मी एवढंच विचारलं की फरशी ओली कोणी ठेवली होती. तो प्रश्न होता. आरोप नव्हता. हा भेद दादाच्या लक्षात आला नाही. वहिनी उठून आत गेल्या, आणि तिथपासून मौन.

मग मोठ्या बाई पडल्या, आणि त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला, कोणी ढकललं असेल रे म्हणून. तेव्हापासून रविवार सोडून रोज सात मिनिटं. फक्त मालिका. दुसरा विषय काढायचा नाही असं कोणी ठरवलं नाही, आणि कोणी काढलाही नाही.

मला या फोनची गरज नाही. त्याची बुद्धी गंजू नये म्हणून घेतो.

आज फार खोकत होता. हवा बदलली असावी.

६ मार्च, गुरुवार
घात झाला. १५ तारखेला दीड तासाचा महाएपिसोड, रहस्याचा उलगडा, मालिका समाप्त. ही बातमी छापखान्यात मशीनमनने पेढे वाटावेत तशा चेहऱ्याने सांगितली. कामात लक्ष लागेना. शाळेच्या अहवालाचं प्रूफ तपासताना 'थोर शिक्षणतज्ज्ञ' होते, त्यांचे मी 'थोरला शिक्षणतज्ज्ञ' करून ठेवले. मशीनमनने धरलं म्हणून वाचलो. उपकार मानायचे सोडून त्याला म्हटलं, घाईने सत्य हाती लागत नसतं.

संकल्प: चॅनेलला पत्र लिहिणे.

७ मार्च, दुपारी
पत्र पाठवलं. मोठा ईमेल, छापला तर चार पानं. तपास अपुरा आहे, माळ्याची तर उलटतपासणीच झालेली नाही, सबब किमान सहा महिने मुदत वाढवावी. एका मिनिटात उत्तर आलं: तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. एका मिनिटात चार पानं वाचणारा माणूस तिथे बसला असेल, तर आशेला जागा आहे.

९ मार्च, रविवार
वहिनींचा हिला फोन. दादाच्या छातीच्या एक्स-रेमध्ये डाग निघालाय. मंगळवारी, १८ तारखेला ऑपरेशन. मी म्हणालो, दादा मला काही बोलला नाही. तुम्ही विचारलंत का, असं ही म्हणाली. मी समजावलं की संध्याकाळच्या चर्चेची एक मर्यादा आहे, विषयांची सरमिसळ केली की दोन्ही विषय बिघडतात.

ही उठली आणि माझा संशयितांचा तक्ता घेऊन आली. (जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आखलेला आहे. तारीखवार.) प्रत्येक तारखेच्या कोपऱ्यात पेन्सिलीच्या बारीक रेघा आहेत, त्या कसल्या, म्हणून विचारलं. मी म्हणालो, फोन मध्येच तुटतो त्याची नोंद. हिने कालच्या मोजल्या. अकरा. सात मिनिटांत अकरा वेळा तुटणारा फोन कुठल्या कंपनीचा, म्हणाली. मग तक्ता होता तिथे ठेवून दिला आणि हळूच म्हणाली की तुम्ही त्यांचा खोकला मोजताय.

बायकांना अनुमानाचं शिक्षण द्यावं लागत नाही.

संकल्प: उद्या दादाला तब्येतीचं विचारणे.

१० मार्च
विचारलं नाही. आज धाकट्याविरुद्ध नवा पुरावा निघाला, दादा खुशीत होता. रसभंग बरा नव्हे.

११ मार्च, मंगळवार
चर्चा लांबावी म्हणून नवा संशयित पुढे केला: नर्स. नर्सला काय कारण, असं दादा म्हणाला. कारण नाही म्हणूनच संशय, असं मी म्हणालो. हसला. हसण्याचा खोकला झाला. मग म्हणाला, पुढच्या आठवड्यात जरा गडबडीत आहे. यावर मी म्हणालो, हो का.

दोघंही थांबलो. घड्याळात बघितलं असतं तर पाच सेकंद भरले असते. मग मी पुन्हा नर्सकडे वळलो.

उद्या नक्की.

१२ मार्च
नाही विचारलं. आज जाहिराती फार होत्या.

१३ मार्च
नाही विचारलं. लाइन खराब होती. (लाइन स्वच्छ होती. पण खराब होण्याची चिन्हं होती.)

१५ मार्च, शनिवार
महाएपिसोड पाहिला. निकाल: खुनी नाही.

कोणीच नाही. पहाटे जिना पुसला होता, पायरी ओली होती, बाईंचा पाय घसरला. संपलं. चौदा महिने पाच माणसांना संशयाच्या पिंजऱ्यात उभं केलं आणि शेवटी आरोपी म्हणून पुढे आणलं काय, तर पाणी. सगळं कुटुंब गळ्यात पडून रडलं, पोलीस निरीक्षकही रडला. मी पाहिलेल्यांत इतका लाचार शेवट दुसरा नाही.

आज फोन एक मिनिटाने नाही, चार मिनिटांनी आला. 'बघितलंस?' असं विचारलंही नाही. दादा म्हणाला, "म्हणजे कोणीच ढकललं नव्हतं रे."

मग श्वास तेवढा ऐकू येत होता.

ती संधी मी सोडली नाही. कथानकातले सहा दोष क्रमवार मांडले. तुटलेली बांगडी कोणाची? थोरला पहाटे बागेत काय करत होता? आणि माळी, त्याला शेवटपर्यंत कोणी विचारलंच नाही. सहा मिनिटं एकहाती बोललो, दादाने एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाला, बरं, ठेवतो.

आजचा वाद निर्विवाद मी जिंकला.

१६ मार्च, रविवार
फोन नाही. रविवारी नसतोच. तरी आठला जवळ घेऊन बसलो, चार्जिंग तपासायला.

काल भावजी काय म्हणाले, असं हिने विचारलं. दादाचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ही कपड्यांच्या घड्या घालत होती, थांबली. आणि तुम्ही काय म्हणालात? सहा दोष सांगितले. चौथ्यापाशी मलाच पुढचे आठवेनात. हिने हातातला टॉवेल उलगडला आणि पुन्हा त्याचीच घडी घातली.

१७ मार्च, सोमवार
त्याच वेळेला नवी मालिका. कोरं कॅलेंडर घेऊन बसलो. पहिल्याच भागात कोणीतरी पडेल, निदान बेपत्ता तरी होईल, अशी फार आशा होती. एक मुलगा आणि एक मुलगी एकमेकांना धडकले, भांडले. पुढे लग्न होणार हे आंधळ्यालाही दिसावं. कोणाला साधी ठेचसुद्धा लागली नाही.

आठ वाजून एक. आठ वाजून वीस. पावणेनऊ.

चौदा महिन्यांत मी दादाला आपणहून एकदाही फोन लावलेला नाही. नेहमी त्यानेच केला. आज पहिलं वाक्य काय म्हणावं याचे तीन मसुदे केले. पहिला सभेत शोभला असता. दुसरा मालिकेवर होता. तिसऱ्यात नुसतं 'दादा' लिहून झालं, पुढे सुचलं नाही.

फरशी कोणीच ओली ठेवली नव्हती. आंघोळ झाली की फरशी ओली असते. हे मला त्या दिवशीही माहीत होतं.

उद्या सकाळी सातला त्याला आत नेणार आहेत. मी त्याच्याशी शेवटचं जे बोललो, ते माळ्याबद्दल होतं. मला फार भीती वाटते आहे.