हार्डडिस्कचे दोन वाटे आणि एक सामाईक विहीर

श्रीगोंदा,
सोमवार, दुपार (लाईट आहे, पण मन ठिकाणावर नाही)

ती. राधाकृष्ण दाजी यांना आसारामचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? आक्काची शुगर आटोक्यात आहे ना? इकडे सगळं खुशाल, म्हणजे सविता आणि म्हैस खुशाल. माझं विचारू नका. पत्र हाताने लिहिलेलं पाहून नवल वाटेल. आमच्या कॉम्प्युटरवर एक पत्र ठेवण्याइतकीही जागा उरलेली नाही, आणि तेच माझं दुखणं आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे, दुकान एक, कॉम्प्युटर एक आणि भाऊ दोन. मी वाढदिवसाचे फ्लेक्स करतो, तुमचा धाकटा मेव्हणा बिभीषण लग्नाचे व्हिडिओ करतो. लग्नसराई आली की डिस्कची पट्टी लाल होते, मग तो माझे फ्लेक्स उडवतो आणि मी त्याच्या हळदी उडवतो. परवा त्याने एका सरपंचाचा अख्खा वाढदिवस पुसून तिथे कुणाची तरी वरात भरली. सरपंच सकाळी सकाळी दुकानात हजर, आणि मी मागच्या मोरीत (लपलो नव्हतो, हात धूत होतो). संध्याकाळी बिभीषण म्हणाला, "दादा, आता वाटनीच करू. रोजची किरकिर नको." वाटणी म्हटली की आपली रीत आली: थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा, म्हणजे पाडणाऱ्याला लबाडी करून काही फायदा नाही. नाना गेल्यावर रानाचे वाटे झाले तेव्हा तुम्हीच पंच होतात आणि विहीर सामाईक ठेवली होती. तसाच डिस्कवरही एक तिसरा, सामाईक भाग ठेवायचं ठरलं. त्यात नानांचा व्हिडिओ.

तो व्हिडिओ तुम्ही पाहिलाय. दुकानाच्या उद्घाटनाला आम्ही दोघे कॉम्प्युटरपुढच्या एकाच बाकावर जागेसाठी भांडतोय आणि नाना नारळ हातात धरून ओरडतायत, "सरका की रं जरा, दोगंबी मावताल!" मग कॅमेरा खाली जातो आणि कुणाच्या तरी चपला दिसतात. वडिलांचा आवाज म्हणून आपल्याकडे एवढाच आहे. वाटणीच्या नादात तो गेला तर मी कुणाला तोंड दाखवू?

म्हणून डिस्कचे वाटे पाडायचं सॉफ्टवेअर निवडण्यात मी हयगय करत नाहीये. कॉम्प्युटरच्या पोटात स्वतःचं एक असतं, फुकट. त्याने मोजणी केली आणि सांगितलं की मधे एक फाईल आहे, ती हलत नाही, तिच्या अलीकडे सरकता येणार नाही. बांधावरच्या बाभळीसारखी ती ठाण मांडून बसली आहे. म्हणजे वाटे लहानमोठे होणार आणि बिभीषण डोळे मिटून मोठा उचलणार. दुसरं उतरवलं. त्यात निळे-हिरवे पट्टे, माउसने बांध हवा तसा सरकवा, इतकं सुंदर की मी सविताला बोलावून दाखवलं. शेवटचं बटण दाबल्यावर म्हणालं, आधी विकत घ्या. तिसरं पेनड्राईव्हवरून चालतं. काळा पडदा, बारीक इंग्रजी, आणि एक बटण चुकलं की सगळं रान सपाट. चौथ्याबद्दल एकाने लिहिलंय "अप्रतिम", त्याच्याच खाली दुसऱ्याने लिहिलंय की माझे सगळे फोटो गेले. आणि सगळ्यांचं एक पालुपद सारखं: आधी दुसरीकडे प्रत काढून ठेवा. अहो, दुसरीकडे जागा असती तर वाटणी कशाला काढली असती!

मी उतरवतो, काढून टाकतो, पुन्हा उतरवतो. जेवता जेवता उठून दुकानात जातो. पाणी प्यायला म्हणून जातो आणि पाणी न पिताच येतो. सविता म्हणते, "डिस्क वाटताय का पोरगी देताय? येवढी चौकशी तर माज्या बापानं तुमची केली न्हवती." बिभीषण रोज येऊन विचारतो, झालं का? मी म्हणतो, आणखी एक सापडलंय, बघू. मग तो शेजारी बसतो आणि शटर ओढेपर्यंत आम्ही दोघे लोकांची मतं वाचत राहतो.

तुम्ही पुण्याच्या कंपनीत हेच काम करता. तरी कोणतं घ्यावं ते सविस्तर कळवा. आक्काला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
आसाराम

ता. क. : नानांचा व्हिडिओ माझ्या मोबाईलमध्ये केव्हाच घेतलाय, सविताच्याही. त्याचा घोर लावून घेऊ नका. हाताने लिहिलं ते यासाठी की कॉम्प्युटरवरचं बिभीषणने वाचलं असतं. काम असं आहे: कोणतंही सॉफ्टवेअर कळवू नका. त्याला फोन करून सांगा की ही डिस्क वाटता येत नाही, जुन्या बनावटीची आहे, काहीही सांगा. तुमचा शब्द तो मोडत नाही. आज डिस्कचे वाटे, उद्या टेबलाचे, आणि परवा हा काष्टीला वेगळं दुकान टाकील. दिवसभर सरपंचांच्या तोंडांकडे बघत एकट्याने बसणं मला जमायचं नाही, दाजी. भांडायला तरी घरचं माणूस पाहिजे.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवणार तोच बिभीषण आला. कुणाला लिहितोस म्हणाला. मी म्हटलं, दाजींना सॉफ्टवेअर विचारतोय. त्याने पाकिटाकडे पाहिलं, मग मला कोपराने ढकलत बाकावर बसला आणि म्हणाला, "सरक जरा. आन् दाजींना लिव, काय घाई न्हाई म्हनावं."